सिग्नलला बंद पडणारी गाडी
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, 'तुझ्या कामाबद्दल पाच मिनिटं बोल.' माझं काम सॉफ्टवेअरचं. ते ऐकलंत तर जेवणाआधीच डोळे मिटतील. म्हणून एका गाडीबद्दल बोलते. गाडी अमेरिकेतली आहे, पण तिच्या इंजिनाच्या जातीशी आपल्या नगरचं नातं आहे. (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागायची आहे, सांभाळून घ्या.)

मी तिकडे काही वर्षं नोकरीला होते. एका सहकाऱ्याकडे जुनी, रोटरी इंजिनाची गाडी होती. तुमच्या-आमच्या गाड्यांत पिस्टन वर-खाली होतो. रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्हही नाहीत. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल डब्यात फिरतो. त्रिकोणाच्या तीन बाजू म्हणजे तीन कप्पे. हवा-पेट्रोल घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं हे प्रत्येक कप्प्यात फिरता फिरता होतं. जर्मनीच्या फेलिक्स वांकेलच्या नावानं हे इंजिन ओळखलं जातं. एनएसयू कंपनीनं १९६४ साली ते गाडीत बसवून विकायला काढलं, १९६७ मध्ये माझदानं कॉस्मो आणली, आणि पुढे बाकीच्यांनी नाद सोडला तरी माझदानं सोडला नाही. १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यतही त्यांनी याच इंजिनावर जिंकली.

सगळी मदार त्रिकोणाच्या तीन टोकांवरच्या बारीक पट्ट्यांवर असते. त्यांना एपेक्स सील म्हणतात. एका कप्प्यातला दाब शेजारच्या कप्प्यात जाऊ न देणं हे त्यांचं काम. त्यांना वंगण मिळावं म्हणून या इंजिनात थोडं ऑइल मुद्दाम आत सोडून जाळतात. आपल्याकडे गाडीनं ऑइल खाल्लं की मेकॅनिक कपाळाला हात लावतो. इथे ते खाल्लं नाही तर लावायचा.

तर या गाडीची तक्रार अशी : सकाळी थंड असताना सुरू व्हायची, हायवेला सुसाट जायची, आणि तापल्यावर सिग्नलला थांबली की थरथरून बंद. मग पुन्हा लवकर सुरू होईना. मालकानं दोन गॅरेज पालथी घातली. प्लग बदलले, कॉइल बदलल्या, पेट्रोलचा पंप बदलला. तसं पाहिलं तर सुरुवात बरोबर होती. रोटरीत प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात आणि कॉइल कमजोर झाली की गाडी मिसिंग मारतेच. हवेचा पाइप कुठे चिरला असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, तरी आयडलिंग बिघडतं. स्वस्तातलं आधी बघावं हे खरंच. पण बघणं वेगळं आणि बदलत सुटणं वेगळं. आमच्या धंद्यातही हा रोग आहे. प्रोग्रॅम अडकला की काही जण न वाचताच ओळी बदलत सुटतात.

कॉम्प्रेशनही तपासलं होतं. गॅरेजवाल्यानं गेज लावून 'उत्तम आहे' सांगितलं. इथेच खरी गंमत आहे. साध्या गेजमध्ये एकेरी झडप असते, ती सर्वांत जास्त आलेला दाब धरून ठेवते. पिस्टनच्या सिलिंडरमध्ये एकच कप्पा, तिथे हे ठीक. रोटरीत प्लगच्या एकाच भोकासमोरून तीन कप्पे पाळीपाळीनं जातात, आणि गेज दाखवतं त्यातल्या सर्वांत ताकदवानाचा आकडा. म्हणजे पहिल्या आलेल्या मुलीचे मार्क बघून अख्ख्या वर्गाचा निकाल लावण्यासारखं. बाई, तुम्ही असं कधी केलं नाहीत, नाहीतर आमच्यातले निम्मे पास झाल्याचं घरी कळलं असतं!

आम्ही झडप काढून टाकली, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद केली, आणि स्टार्टर मारत काटा मोबाइलवर चित्रित केला. नंतर सावकाश पाहिलं. तीन उड्या सारख्या यायला हव्यात. मागच्या रोटरच्या आल्या. पुढच्याच्या : एक जोरात, दोन लुळ्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

आता एक जोरात आणि दोन लुळ्या का? प्रत्येक पट्टी दोन कप्प्यांच्या मधली भिंत असते. एक भिंत खचली की दोन्हीकडची घरं उघडी पडतात, तिसरं शाबूत राहतं. हायवेला तक्रार का नाही, तेही यातच आलं : इंजिन वेगात असताना दाबाला गळायला वेळच मिळत नाही. सिग्नलला फेरे कमी, गळायला सवड भरपूर. शिवाय तापलेलं ऑइल पातळ होतं, त्याचा आधार जातो. इंजिन उघडल्यावर पुढच्या रोटरची एक पट्टी काजळीनं तिच्या खाचेत घट्ट बसलेली सापडली. पंपाचे पैसे फुकट गेले होते.

आता नगर. आपल्यातल्या कितीजणांचे वडील-काका वाहननगरला व्हीआरडीईत होते, हात वर करा. लष्कराच्या 'निशांत' या वैमानिकरहित विमानाला आधी परदेशी रोटरी इंजिन होतं. आपलं इंजिन तयार झालं ते तिघांच्या कामातून : गाभा बंगळूरच्या एनएएलनं केला, उड्डाणाची बाजू तिथल्याच एडीईनं सांभाळली, आणि इग्निशन व इंधनाची यंत्रणा आपल्या व्हीआरडीईनं. म्हणजे सिग्नलला गाडी बंद पडली की मेकॅनिक आधी ज्या दोन गोष्टींवर संशय घेतो, त्या दोन्ही नगरच्या वाट्याला आल्या होत्या. आणि वर आकाशात बाजूला घेऊन बॉनेट उघडायची सोय नसते. ५ एप्रिल २००९, रविवार. बेळगावजवळ तळेवाडीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जुन्या धावपट्टीवरून तीस किलोच्या आसपासचं ते इंजिन घेऊन निशांत उडालं, १.८ किलोमीटर उंचीवर गेलं आणि चाळीस मिनिटांनी कोरड्या तलावात सुखरूप उतरलं. निशांतचा पुढचा प्रवास फार लांबला नाही, पण ती गोष्ट निराळी.

मी त्या वेळी ही बातमी वाचली तेव्हा रोटरी म्हणजे काय हे पुस्तकापुरतंच ठाऊक होतं. आता मला त्या चाचण्यांच्या दिवसांबद्दल ऐकायचंय. ज्यांच्या घरी त्या कामातलं कुणी होतं, त्यांनी गुपितं सोडून बाकीचं सांगावं. जेवताना मी तुमच्याच टेबलावर येते.