मुलीला इतक्या दूर कशाला पाठवायचे?

गडचिरोलीहून नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर. ‘पोरीला तिथे टाका,’ म्हणत एक वडील माझ्याकडे आले. मुलगी सोळाची, जेवण तुटलेले, शाळा सुटलेली. लग्नाची बोलणी चालू होती, हे आईने मागाहून चुलीपाशी सांगितले.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचे ८७वे कलम वाचा. अठराच्या आतल्या मुलांना अपवाद म्हणूनच दाखल करता येते, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या सोबत्याने पूर्ण वेळ सोबत राहायचे असते. राहणार कोण? आईच! तिची रोवणीची मजुरी बुडेल, ती कुणी हिशेबात धरली होती का? १९वे कलम तर समाजात राहून जगण्याचा हक्कच देते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ साली सुरू झाला, तो अशांसाठीच. आम्ही तिला जिल्हा रुग्णालयात नेले. गोळ्या, समुपदेशन सुरू झाले. गावातली आशाताई घरी जाऊन बसू लागली. लग्न मात्र गोळीने थांबत नाही. त्यासाठी बापाशी तीनदा भांडले.

पुढच्या जूनमध्ये ती शाळेत परतली. झोप अजून नीट लागत नाही. महिन्याला आई तिला घेऊन जिल्ह्याला जाते आणि संध्याकाळच्या एसटीने दोघी घरी येतात.