रविवार आणि तांबट



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे, असा आपला शिरस्ता. माझे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. तेव्हा मी वेतनकरारावर बोलेन, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. पण आज मी बोलणार आहे एका पक्ष्याच्या छायाचित्राविषयी.

गेल्या फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही काही कामगार रीतसर परवानगी काढून बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात छायाचित्रे काढायला गेलो. निघताना एक जुना सोबती मला म्हणाला, "दादा, हे शौक राजेरजवाड्यांचे. आपण पगारवाढीचे बघावे." तेव्हा मी गप्प बसलो. त्याचे उत्तर आज देतो.

हा वाडा तिसऱ्या सयाजीरावांचा. काम १८७८ साली सुरू झाले, १८९० साली पुरे झाले. मेजर चार्ल्स मांट यांनी तो योजला. ते १८८१ साली वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी काम तडीस नेले. बाग आखली विल्यम गोल्डरिंग यांनी. ही नावे ग्रंथांत सापडतात. बागेला पाणी घालणाऱ्यांची सापडत नाहीत.

सकाळची तिरपी उन्हे आली आणि कुठूनसा "टुक् टुक् टुक्" असा ठोका सुरू झाला. तांबट! तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, म्हणून हे कारागिराचे नाव. पक्षी हिरवा, चिमणीएवढा. पानांत दिसेल तर शपथ. आम्ही तासभर माना वर करून फिरलो. त्यात एक म्हातारे माळी पाचोळा झाडीत वारंवार आमच्या चौकटीत येत होते. मी त्यांना म्हणालो, "काका, जरा बाजूला होता का? चित्रात माणूस नको."

ते निमूट बाजूला झाले. थोड्या वेळाने जवळ येऊन म्हणाले, "तांबट पाहिजे ना? त्या वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला बघा." तिथे रुपयाएवढे गोल भोक होते. तांबट वाळलेले लाकूड चोचीने कोरून घर करतो. ती फांदी तोडायची होती. पिल्ले उडून गेल्यावर तोडू, असे सांगून काकांनीच ती राखली होती.

आमच्यातल्या एका लेथ-कामगाराने दूर उभे राहून भिंगाची नजर त्या भोकावर रोखली. जवळ गेलो तर पक्षी पिल्लांकडे फिरकणार नाही, हे त्याला कळत होते. चाळीस मिनिटे तो हलला नाही. पक्षी आला, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात चित्र निघाले. लोखंडावर केसाएवढा फरक ओळखणारी नजर ती! यंत्रापुढे ती रोज मालकासाठी खपते. त्या दिवशी ती त्याची स्वतःची होती.

बंधूंनो, वाडा पुरा झाला त्याच १८९० सालच्या जूनमध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली. नुसते झोपून शीण घालवायला ती मागितली नव्हती. माणसाला आपल्या डोळ्यांनी जग पाहता यावे, एवढी फुरसत त्याच्या हक्काची आहे. माझ्या सोबत्याला माझे उत्तर हेच. पगारवाढ हवीच, पण ओव्हरटाइमच्या चार पैशांसाठी प्रत्येक रविवार विकावा लागत असेल, तर ती पगारवाढ अपुरी आहे.

आणि एक कबुली. जन्मभर श्रमिकांच्या बाजूने बोलणाऱ्या मी त्या सकाळी श्रमणाऱ्यालाच चित्राबाहेर काढले, आणि उरले त्याला निसर्ग म्हटले. परत जाऊन मी काकांची माफी मागितली, चित्राची एक प्रत त्यांना दिली. ते हसून म्हणाले, "पिल्ले उडाली. फांदी परवाच तोडली."

ते चित्र आज आमच्या कचेरीत आहे. खाली दोन नावे लिहिली आहेत : ज्याने टिपले त्याचे, आणि ज्यांनी फांदी राखली त्यांचे.