मोगलीच्या बाजूने कोण बोलले?

(शिक्षण परिषदेतील भाषण)



१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ ही चित्रमालिका दाखविली जाऊ लागली, तेव्हा सातारा व सांगली जिल्ह्यांतील पुष्कळ खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच मोजक्याच घरी होते. त्या घरांची ओसरी आणि सोपा शेजारपाजारच्या मुलांनी भरून जात असे. त्या मुलांपैकी कित्येक आज जिल्हा परिषदेच्या शाळांतून अध्यापन करीत आहेत. लहानपणी जे नुसत्या कौतुकाने पाहिले, ते शिक्षकाच्या दृष्टीने पुन्हा पाहिले असता त्यातून काय हाती लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या कथेचा प्रवास ध्यानी घेण्याजोगा आहे. तिचा लेखक रुडयार्ड किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत अध्यापक होते. ‘द जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध झाले. त्यातील मोगलीच्या कथा मध्य प्रदेशातील सिवनीच्या रानात घडतात; परंतु त्या लिहिल्या गेल्या अमेरिकेत. पुढे जपानमधील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये त्यांवर ५२ भागांची चित्रमालिका केली, आणि ती हिंदी वाणी घेऊन आपल्या खेड्यांत आली. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिले, त्यास संगीत विशाल भारद्वाज यांनी दिले, आणि शेरखानास आवाज नाना पाटेकर यांचा होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली, तेव्हा आईबाप व मुले एकत्र बसून ती पाहू शकली. किपलिंगची साम्राज्यविषयक मते आज कोणासही मानवणार नाहीत; तथापि त्याच्या या कथेतील मूल सर्वांस आपले वाटले, हे खरे.

मालिकेने मूळ कथेत पुष्कळ फेरफार केले. मूळचा बघीरा नर आहे. मालिकेत तो मादी झाला. मोगलीच्या सोबतीला किची नावाचा एक लाल पांडा दिला गेला. हा प्राणी हिमालयाच्या बाजूचा. सिवनीच्या रानात तो आढळत नाही. वर्गात मालिकेचा एखादा भाग दाखविल्यास हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा, कारण आपल्या मुलांचे रानाचे ज्ञान कच्चे नाही. शिराळ्याच्या पश्चिमेस चांदोलीचे अरण्य आहे, पाटणच्या बाजूस कोयनेचे. ही दोन्ही २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आली. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या मुलखातील धनगरांच्या मुलांनी मेंढरांच्या वाड्याभोवती फिरणारा लांडगा ऐकलेला किंवा पाहिलेला असतो. बघीरा म्हणजे काळ्या रंगाचा बिबट्याच. तोच बिबट्या कराड-शिराळ्याच्या उसात वावरतो, हे कळले म्हणजे मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती निसर्गपाठाची उत्तम सुरुवात होय.

परंतु शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे असा प्रसंग मूळ कथेच्या आरंभी आहे. रानात लाकूडतोडे तळ ठोकून राहिले होते. शेरखान त्यांच्या शेकोटीवर झेपावला, त्याचे पाय भाजले, आणि त्या गोंधळात एक उघडेनागडे मूल लांडग्यांच्या गुहेशी येऊन पोचले. लांडगीने त्याला पोटाशी घेतले. तेवढ्याने मात्र ते कळपाचे झाले नाही. कळपाचा नियम असा होता की, एखाद्या पिलाविषयी वाद निघाल्यास आईबापांखेरीज आणखी दोघांनी सभेत त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. सभेत शांतता पसरली. तेव्हा बल्लू अस्वल उठले. लांडगा नसूनही त्याला त्या सभेत बोलण्याचा मान होता, कारण तो पिलांचा शिक्षक होता. या मुलाला आपण स्वतः शिकवू, अशी हमी त्याने दिली. दुसरा शब्द बघीराने टाकला, आणि नुकत्याच मारलेल्या बैलाचे मोल देऊन मोगलीला कळपात जागा मिळवून दिली.

या ठिकाणी आपल्या जिल्ह्यांतील चित्र डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाही. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. बीडकडून, मराठवाड्याच्या अन्य भागांतून, तसेच आपल्याच दुष्काळी तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटेच फडात जातात. थोरली मुलगी धाकट्या भावंडास सांभाळीत कोपीपाशी बसते. तोड चालू असता कधी उसात बिबट्याची पिले सापडतात. अशा वेळी वनखात्याची माणसे येतात, आणि पिलांची त्यांच्या आईशी पुन्हा गाठ पडावी म्हणून रात्र रात्र जागतात. हे योग्यच आहे. त्याच फडाच्या बांधावर बसलेल्या माणसाच्या पिलाच्या बाजूने बोलावयास कोण उठणार, हा प्रश्न मात्र शाळेपुढे उरतो.

कायद्याने या प्रश्नाचे अर्धे उत्तर दिलेले आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ अन्वये वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, सत्राच्या मध्ये आलेल्या मुलासही प्रवेश द्यावा लागतो, आणि त्यास वयानुरूप वर्गात बसवावे लागते. उरलेले अर्धे उत्तर शिक्षकाने द्यावयाचे असते. कोपीवर स्वतः जाणे, मुकादमाशी व आईबापांशी बोलणे, गाव सोडून परत जाताना मुलाच्या हाती शिक्षण हमी पत्रक आहे ना हे पाहणे, ही कामे बल्लूच्या त्या शब्दासारखीच आहेत. ती करावयास सभेत एकानेच उठावे लागते. मग दुसरा आपोआप उठतो.

बल्लूच्या अध्यापनाविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तो मोगलीला प्रत्येक जातीच्या प्राण्यांची ओळखीची वाणी शिकवितो: पक्ष्यांची, सापांची, शिकारी प्राण्यांची. पाठांतरात चूक झाली म्हणून तो त्याला चापटही मारतो, आणि बघीरा त्याबद्दल त्याची कानउघाडणी करतो. पुढे माकडे मोगलीला पळवून नेतात, तेव्हा तो झाडाच्या शेंड्यावरून घारीला पक्ष्यांच्या वाणीत हाक घालतो, आणि ओसाड नगरात नागांच्या मध्ये पडतो तेव्हा सापांची वाणी त्याला तारते. संकटात उपयोगी पडली ती वाणी, चापट नव्हे. आपल्या अधिनियमानेही शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. तेव्हा बल्लूची वाणी घ्यावी, हात सोडून द्यावा.

ही वाणी आपल्या वर्गातही हवी. जतकडील मुलाच्या घरी कन्नड असते, तांड्यावरून आलेल्या मुलीच्या ओठी गोरमाटी बोली असते. शिक्षकाने तिच्या बोलीतले दहा शब्द शिकून फळ्यावर लिहिले, तर ती मुलगी दुसऱ्या दिवशीही येते. वर्गात लांडग्यांची सभा भरवावी; प्रत्येक मुलाने दुसऱ्या एका मुलाच्या बाजूने उभे राहून दोन वाक्ये बोलावीत. नव्या मुलास त्याच्या गावच्या रानातील गोष्ट सांगावयास लावावी. यास खर्च काहीच नाही.

या भूमीस ही परंपरा नवी नाही. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींची गरीब मुले एका पंक्तीस बसविली. त्या मुलांच्या बाजूने बोलणारे तेव्हा थोडे होते. भाऊराव बोलले, आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी शिकविले.

येत्या हंगामात कोप्या उभ्या राहतील, तेव्हा प्रत्येक शाळेने पहिल्याच आठवड्यात तेथील मुलांची नावे हजेरीपटावर घ्यावीत, एवढीच विनंती.