खायवाल बाजारात दुकान मांडतोय

(बाजारगल्लीच्या नाक्यावरच्या सभेत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. आज कविता म्हणणार नाही, हिशेब मांडणार आहे.

आपल्या बाजारगल्लीत, रेशनचं दुकान आणि चक्की यांच्या मधल्या गाळ्यात पार्लर येतंय. पाटीवर ‘व्हिडिओ गेम’ लिहिणार. आत मशीनवर आकडे आणि काउंटरवर नोटा. गाळेवाला म्हणतो, चार पोरांना काम मिळेल. मिळेल ना! आपलीच पोरं दारात उभी राहतील आणि आपल्याच बापांना आत घेतील.

हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस कितीला उघडला, कितीला बंद झाला, तो भाव टेलिप्रिंटरवर मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचा. त्यावर लोक आकडा लावायचे. मटक्यातला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ तिथला. कापसाच्या गाठी आमच्या आज्यांच्या पाठीवर, भाव शेटजींच्या हातात, आणि गाठीची मजुरी पुन्हा त्याच भावावर लागलेली. १९६१ साली न्यूयॉर्कचा भाव येणं थांबलं. धंदा थांबला का? १९६२ ला कल्याणजी भगतनं वरळी मटका काढला, १९६४ ला रतन खत्रीनं आपला वेगळा. गिरण्या जोरात तोवर मटका जोरात. गेटच्या आत पगार, गेटच्या बाहेर आकडा घेणारा रायटर. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मेल्या, तसा मटकाही ओसरला. तो कुणाच्या घामावर पोसला होता, ते तेव्हा उघडं पडलं.

आता गणित. सिंगलला आकडे दहा. आकडा लागला तर रुपयाला नऊ रुपये. दहा जणांनी दहा आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. जमले शंभर, वाटले नव्वद, दहा खायवालाच्या खिशात. उरलेले नव्वद पुन्हा लावले, की एक्याऐंशी. अशा सात फेऱ्या झाल्या, की आळीच्या शंभरातले अठ्ठेचाळीससुद्धा धड उरत नाहीत. कोण जिंकलं, कोण हरलं, हे विचारू नका. आळी हरली. बाजी घेणाऱ्याला खायवाल म्हणतात ते उगाच नाही. मटक्यात निदान कापलेले दहा दिसतात. मशीनमध्ये किती कापायचं ते आत बसवलेलं असतं. लावणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

कायदा काय करतो? जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, इंग्रजाच्या अमलातला. त्यात रेसकोर्सच्या घोड्याला सूट. महालक्ष्मीला लावलं तर साहेब शौकीन, गल्लीत लावलं तर आपला माणूस लॉकअपमध्ये. १९६९ ला सरकारनं स्वतःची लॉटरी काढली. १९७६ ला कॅसिनोचा कायदा केला. तो कधी अमलात आणला नाही, पण रद्द करायला २०२३ उजाडलं. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळाला संसदेनं २०२५ मध्ये बंदी घातली. म्हणजे घराघरांत काय चाललंय ते दिल्लीलाही दिसलं. मग आपल्या गल्लीतलं शटर कुणाला दिसत नाही?

मी जुगाऱ्याला शिव्या द्यायला उभा नाही. ज्याला आज हजेरी आहे आणि उद्याची खात्री नाही, तो आकड्यात उद्या शोधतो. रात्री स्वप्न पडलं, की सकाळी त्याचा आकडा काढतो. आपल्या माणसाची झोपसुद्धा यांनी गिऱ्हाईक केली! धर्मराजानं बायको पणाला लावली तरी तो धर्मराजच राहिला. आमच्या बापानं पगार लावला की तो जुगारी, दळभद्री. हे माप आम्हाला मान्य नाही. आमचं भांडण खायवालाशी आहे, आणि त्याच्या हप्त्यावर डोळे मिटणाऱ्यांशी आहे.

सिगालोवाद सुत्तात बुद्धानं जुगाराचे सहा तोटे मोजलेत. पैसा जातो, वैर वाढतं, हे तर आहेच. पण एक तोटा असा, की सभेत जुगाऱ्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. पोरांनो, हे नीट ऐका. आपल्याजवळ जमीन नाही, गिरणी नाही, बँक नाही. शब्द आहे. तो शब्द पिढ्यानपिढ्या दाबला गेला आणि बाबासाहेबांच्या मागे जाऊन आपण तो कमावला. खायवालाच्या उधारीत सापडलेला माणूस उद्या मोर्चात येणार नाही, मुकादमाला जाब विचारणार नाही. ज्याचं देणं आहे त्याच्यापुढं तोंड उघडत नाही. त्यांना असाच माणूस हवाय.

म्हणून काम वाटून घेऊ. परवान्याविरुद्ध लेखी हरकत द्यायची, प्रत्येक खोलीची सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि पोचपावती घेतल्याशिवाय पोलीस ठाण्यातून हलायचं नाही. बचत गटाच्या बाया गाळेवाल्याकडे जातील. त्यांच्या तोंडाला तोंड देणं त्याला जमणार नाही. पोरांनी संध्याकाळी दोन-दोन तास गाळ्यासमोर उभं राहायचं. हात उचलायचा नाही, पण हलायचंही नाही. तो गाळा अभ्यासिकेला मागायचा. दहावीची पोरं जिन्यात बसून वाचतात, त्यांना ट्यूबलाइट पाहिजे.

सह्यांचे कागद या टेबलावर आहेत. पेनं दोनच आहेत, रांग करा.

जयभीम.