राज्य बदलले, काटा तोच राहिला

(जिल्हा मेळाव्यात केलेले भाषण)



मेळावा कुठलाही असो, एक प्रश्न हमखास येतो. सरकार बदलले तर कापसाचा भाव बदलेल का? याचे उत्तर आज आम्ही आफ्रिकेतल्या एका देशाच्या अनुभवातून देणार आहोत. त्या देशाने सरकार नुसते बदलले नाही, उलथून टाकले. आणि तोही आपल्यासारखाच कापूस-ज्वारीचा, पावसाच्या भरवशावरचा देश आहे.

देशाचे नाव बुर्किना फासो. पूर्वी त्याला अपर व्होल्टा म्हणत. १९८४ साली थॉमस सांकारा या तरुण लष्करी राष्ट्राध्यक्षाने हे नवे नाव दिले. अर्थ, सचोटीच्या माणसांचा देश. १९८७ साली सांकारांचा खून झाला आणि त्यांचेच साथीदार ब्लेझ कोंपाओरे गादीवर बसले, ते तब्बल २७ वर्षे. ऑक्टोबर २०१४ मध्ये पुन्हा निवडणूक लढवता यावी म्हणून त्यांनी घटनाच बदलायला काढली, तेव्हा लोकांचा धीर सुटला. बायका घरातले लाकडी चाटू उगारून रस्त्यावर आल्या. ३० ऑक्टोबरला संसद पेटली, ३१ तारखेला कोंपाओरेंनी राजीनामा दिला. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांच्या जुन्या रक्षकदलाने बंड केले, तेही आठवड्याभरात मोडले. २९ नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि रोख काबोरे निवडून आले.

आम्ही तिकडे गेलो ते २०१६ साली, पेरणीच्या आधी. बोबो-जुलासोच्या आसपास कापसाचा मुलूख आहे. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा, त्याला ते ‘तो’ म्हणतात, आमच्यापुढे ठेवायचे आणि बोलायला बसायचे. बोलणे एकच. आता आपले राज्य आले, आता काटा खरा होईल, भाव मिळेल, कर्ज हलके होईल. त्यांच्या डोळ्यांतली आशा खोटी नव्हती. ती रक्त सांडून मिळवलेली होती.

पण त्यांचा कापूस विकला कसा जातो ते ऐका. १९७२ साली आपल्याकडे आलेली एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली, त्यांना लगेच उमजेल. तिथे देशाचे तीन भाग पाडून तीन कंपन्यांना वाटून दिलेले. ज्याच्या भागात शेत, त्यालाच कापूस. बियाणे, खत, फवारा कंपनीच उधार देते आणि कापूस घालताना पैसे कापून घेते. गावातले शेतकरी गट करून एकमेकांना जामीन राहतात. एकाचे पीक बुडाले की शेजाऱ्याच्या पैशातून वसुली. भाव मात्र पेरणीआधी जाहीर होतो, एवढी एक गोष्ट आपल्यापेक्षा बरी.

तो भाव कुठून येतो? जगाच्या बाजारात कापूस विकतो डॉलरमध्ये. यांचा फ्रँक बांधलेला युरोला. डॉलर घसरला की यांचा कापूस घरबसल्या स्वस्त. त्यात अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना अनुदान देऊन बाजार पाडते. २००३ साली बुर्किना, माली, बेनिन आणि चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत याविरुद्ध तक्रार मांडली. ती मांडायला जिनिव्हात कोण गेले होते? खुद्द कोंपाओरे! म्हणजे ज्याला लोकांनी हाकलले, त्याच्याही हातात हा दोर नव्हता.

बियाण्याचेही तेच. २००८ साली तिथे बीटी कापूस आला. फवारण्या कमी झाल्या, शेतकरी खूश होते. पण धागा आखूड निघाला, बाजारात किंमत घसरली आणि २०१६ पर्यंत ते बियाणे बंद करायचे ठरले. आणायचे वर ठरले, काढायचेही वर ठरले. गावाच्या चावडीवर दोन्ही ठरले नाही.

पुढे काय झाले? उत्तरेत आणि पूर्वेत सशस्त्र टोळ्यांचा धुमाकूळ वाढला. २०२३ पर्यंत वीस लाखांवर माणसे गावे सोडून परागंदा झाली. वैतागलेल्या लोकांच्या नावाने २०२२ साली लष्कराने एकदा नव्हे, दोनदा सत्ता घेतली. वागादुगूच्या रस्त्यांवर गर्दीने सैनिकांचा जयजयकार केला. मे २०२४ मध्ये लष्करी राजवटीची मुदत आणखी पाच वर्षांनी वाढली. २०१४ साली कुणी गादीला चिकटू नये म्हणून जिथे संसद जळली, तिथेच हे घडले.

त्या माणसांना हसू नका. पोटाला भाव नाही आणि जिवाला थारा नाही, तेव्हा माणूस बंदूकवाल्यातही तारणहार पाहतो. पण बंदूकवाल्याने उद्या भाव दिला नाही, तर विचारायचे कुणाला? असा मेळावा तरी भरवता येईल का? भावासाठी बोलण्याचा हक्क गहाण टाकू नये, तो सोडवून घ्यायला पिढी जाते.

मग आशा धरायचीच नाही का? धरायची, पण माणसावर नाही, हिशेबावर. यातेंगा भागात याकुबा सावादोगो नावाचा शेतकरी होऊन गेला. १९८० च्या दुष्काळात त्याने उन्हाळ्यातच कडक जमिनीत खड्डे खणले, मूठमूठ शेणखत टाकले, पहिल्या पावसाचे पाणी धरले आणि ज्वारी पिकवली. राज्ये आली, गेली. त्याचे खड्डे राहिले. २०१८ साली त्याला जगाचा मान मिळाला, २०२३ साली तो वारला.

म्हणून मत मागायला येईल त्याला तुम्ही नेमके विचारा. काटा कोण तपासणार? कापसाची प्रत कोण ठरवणार? ऑगस्ट २०२५ मध्ये, कापूस घरात यायच्या तोंडावर, ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले, तेव्हा तुम्ही कुठे होता? उत्तर वहीत लिहून घ्या, खाली सही घ्या. निवडून आल्यावर तीच वही घेऊन त्याच्या दारात जा. सरकार पाच वर्षांतून एकदा बदलता येते. वही रोज उघडता येते.