अपुऱ्या खेळांची वही

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या होत्या. पाच मिनिटांत आटप आणि नोकरीबद्दल बोलू नकोस. दुसरी अट मी नक्की पाळणार आहे. पहिलीचं बघू.

मी बोलणार आहे व्हिडिओ गेमबद्दल. सर, हसू नका. १९९५ साली तुम्ही माझ्या दप्तरातून जप्त केलेला ब्रिक गेम मागायला मी आलेलो नाही.

झालं असं की, नौपाड्यातली आमची जुनी इमारत गेल्या वर्षी पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायला मी आणि आई गेलो होतो. माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे, सुतळीने बांधलेला एक खोका निघाला. वर आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'परीक्षेनंतर'. ही परीक्षा म्हणजे आपली दहावीची, मार्च १९९६ ची. परीक्षा झाली, निकाल लागला, लग्न झालं, मुलगी नववीत गेली, खोका तिथेच.

आत काय होतं? 'मीडिया'चा व्हिडिओ गेम, दोन रिमोट, एक बंदूक, ॲडॅप्टर, नऊ कॅसेट आणि माझी दहावीची भूमितीची वही. ती वही तिथे कशी गेली, ते पुढे सांगतो.

ज्या शिक्षकांनी हे प्रकरण फक्त जप्त केलं, कधी खेळलं नाही, त्यांच्यासाठी थोडी माहिती. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये 'फॅमिकॉम' नावाचा डबा बाजारात आणला. आपल्याकडे घरोघरी जे आले, मीडिया म्हणा, लिटल मास्टर म्हणा, ते बहुतेक त्याच डब्याच्या नकला. आपण कॅसेट म्हणायचो, पण आत फीत नव्हतीच, नुसती चिप. अख्खा सुपर मारिओ, त्याच्या ३२ स्टेज, सगळं संगीत, सगळे ढग आणि झुडपं, हे फक्त ४० केबीमध्ये बसवलेलं होतं. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी येणारा 'सुप्रभात'चा एक फोटो त्याहून मोठा असतो. जागा वाचवायला त्या लोकांनी ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढलंय. रंग हिरवा केला की झुडूप, पांढरा केला की ढग. तीस वर्षं मी ते बघत होतो, पण लक्षात आलं ते मुलीच्या. पहिल्याच दिवशी.

मी आता घोडबंदर रोडला राहतो, कासारवडवलीच्या जवळ. आपल्या वेळी तो रस्ता म्हणजे एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि पावसाळ्यात सायकलवरून भिजत जायची जागा. आता मी तिथे एकविसाव्या मजल्यावर आहे आणि रोज मेट्रोच्या खांबांखाली अडकून, दमून घरी पोचतो. तो खोका मी तिकडे नेला आणि ठरवलं, जे जे अर्धवट राहिलं होतं ते सगळं पुरं करायचं. रात्री दहा ते अकरा, रोज एक तास. बायको म्हणाली, "दीड तास गाड्यांमध्ये अडकून आलास आणि आता परत रोड फायटर?" तिचं म्हणणं रास्त होतं.

पहिली अडचण टीव्हीची. नव्या सपाट टीव्हीवर चित्र कसंबसं आलं, पण बदकं मारायची बंदूक चालेना. कारण शोधलं. आपल्याला वाटायचं, बंदुकीतून काहीतरी बाहेर जातं. प्रत्यक्षात बंदूक फक्त बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो उजेड दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेगावर बेतलेलं. नव्या टीव्हीवर चित्र जरासं उशिरा येतं आणि तेवढ्यात बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. शेवटी भंगारवाल्याकडून २१ इंची जुना टीव्ही आणला. तो लिफ्टमधून वर नेताना सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "साहेब, हा खाली न्यायचाय ना?"

दुसरी अडचण कॅसेटची. आपण काय करायचो? काढायची, फुंकर मारायची, परत लावायची. ती फुंकर कामाची नव्हतीच. काढून परत लावल्यामुळे टोकं नीट बसायची, म्हणून गेम चालायचा. उलट तोंडातल्या दमटपणाने ती टोकं गंजतात. मी खोडरबर आणि स्पिरिटचा बोळा वापरला. नऊपैकी आठ कॅसेट चालल्या.

मग शंभर पानी वही घेतली. एका बाजूला गेमचं नाव, मधे '१९९६ ला कुठे थांबलो', शेवटच्या रकान्यात 'पूर्ण' अशी खूण. बाई, समास सोडला होता.

महिन्याभरात लक्षात आलं की अर्ध्या यादीत ती खूण कधी होऊच शकत नाही. कारण त्या खेळांना शेवटच नाही. बॅटल सिटीच्या ३५ स्टेज संपल्या की पुन्हा पहिलीपासून रणगाडे येतात. रोड फायटरमध्ये शेवटचा रस्ता पार केला की परत पहिला. सर्कस चार्लीचंही तेच. आपण लहानपणी म्हणायचो, "मी अजून संपवला नाही." तो कोणीच संपवलेला नव्हता. त्या 'नाईन नाईन नाईन नाईन इन वन' कॅसेटमध्येही दोन-तीन डझन गेम, बाकी तीच नावं फिरवून फिरवून लिहिलेली. म्हणजे राहिलेल्या कामांची जी रास मला वाटत होती, तिच्यातला बराच भाग नुसता छापील होता. त्यांच्यापुढे मी आडवी रेघ मारली आणि फार हलकं वाटलं.

ज्यांना शेवट आहे ते घेतले. मारिओ, मधल्या पळवाटा न घेता, आठही दुनिया. अठरा रात्री लागल्या. अठरा का? तर त्या डब्यात लक्षात ठेवायची सोयच नाही. मुलीने विचारलं, "बाबा, सेव्ह कुठे करायचं?" म्हटलं, "कुठेच नाही. मेलो की पहिल्यापासून. लाईट गेली तरी पहिल्यापासून." ती म्हणाली, "मग तुम्ही खेळायचात कशाला?" आपल्यातल्या कोणाकडे उत्तर असेल तर जेवताना तिला सांगा. ती आज आली आहे.

त्यानंतर काँट्रा, अॅडव्हेंचर आयलंड. सगळ्यांपुढे खुणा झाल्या. आणि वहीत एक गेम मी लिहिलाच नव्हता. बॉम्बरमॅन. ती कॅसेट खोक्यात होती, पण माझी नव्हती.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माझा बाकावरचा जोडीदार आठवत असेल. पाचवीपासून दहावीपर्यंत, खिडकीकडचा तिसरा बाक. मी नाव घेत नाही, तरी तुम्ही सगळे त्याच्याकडेच बघताय. त्याच्या घरी व्हिडिओ गेम नव्हता. डबा माझा, कॅसेट त्याची, अशी आमची भागी होती. स्टेशनजवळच्या एका दुकानातून तो दीडशे रुपये डिपॉझिट ठेवून, रोजच्या भाड्याने कॅसेट आणायचा. बॉम्बरमॅन एकट्याने खेळायचा गेम, म्हणून आमचा नियम होता: मेल्यावर वाद नाही, रिमोट पुढच्याला द्यायचा.

बॉम्बरमॅनमध्ये ५० स्टेज. पण त्यात एक सोय होती. गेम ओव्हर झालं की पडद्यावर २० अक्षरांचा कोड यायचा. तो लिहून घ्यायचा, दुसऱ्या दिवशी भरला की त्याच स्टेजपासून सुरू. डब्याला काहीच आठवत नसे, आठवण कागदावर असायची. त्याचं अक्षर चांगलं, म्हणून कोड तो लिहायचा. माझ्या भूमितीच्या वहीत, शेवटच्या पानावर. बाईंनी त्या पानावर लाल शाईत शेरा मारलाय, 'हे कोणते प्रमेय?' आज सांगतो बाई, ते हे.

फेब्रुवारीतला एक शनिवार. कॅसेट परत करायचा दिवस होता. मी म्हटलं, "आज राहू दे, सोमवारी देतो." त्याच संध्याकाळी आईने सगळा संसार खोक्यात भरला, शेजारी पडलेली वहीसुद्धा, आणि वर माळ्यावर. आईला सांगितलं असतं तर तिने कॅसेट काढून दिली असती. पण मग भाड्याने कॅसेट आणतो हे कळलं असतं. मी घाबरलो. सोमवारी त्याने कॅसेट मागितली तेव्हा मी म्हणालो, "शनिवारीच दिली ना तुला."

हरवली म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी ते त्याच्यावर ढकललं. तो माझ्याकडे बघत राहिला. भांडला नाही. मधल्या सुट्टीनंतर पुढच्या बाकावर जाऊन बसला.

या स्मरणिकेत आपल्या वर्गाचा निरोप समारंभाचा फोटो छापलाय. बघा, आम्ही दोघं दोन टोकांना उभे आहोत. परीक्षा संपल्यावर आईने विचारलं होतं, "काढू का खोका?" मी म्हटलं, "नको, आता मोठा झालो." खोका उघडला तर कॅसेट निघेल, ही भीती. म्हणजे माझे सगळे खेळ अर्धवट राहिले ते अभ्यासामुळे नाही. एका खोट्यामुळे राहिले.

वहीच्या मागच्या पानावरचा शेवटचा कोड मी रात्री भरून बघितला. एक अक्षर ओल येऊन पुसलं होतं. पण त्या कोडमध्ये ए ते पी एवढीच सोळा अक्षरं येतात, आणि चुकीचा कोड गेम घेत नाही. म्हणून एकेक भरत गेलो. नवव्या अक्षराला पडदा उघडला. स्टेज ३७. त्याने मिळवलेले सगळे बॉम्ब शाबूत. तीस वर्षांनी, त्याच्या अक्षरामुळे.

मी रिमोट खाली ठेवला. पुढे खेळायचा अधिकार मला वाटेना.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवरून नंबर घेऊन त्याला फोन केला. सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी विसरलो नव्हतो. पण तू सांगशील असं वाटलं नव्हतं." आणि जरा थांबून, "चालते का अजून ती?"

रविवारी तो डोंबिवलीहून आला. ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे घोडबंदर रोडला बसमध्ये लोकलपेक्षा जास्त वेळ. घरात आल्यावर तो आधी भिंतीपाशी थांबला. तिथे आपल्या वर्गाचा फोटो लावलेला आहे. म्हणाला, "हा मी आज पहिल्यांदा नीट बघतोय." मला कळेना. मग त्याने सांगितलं. दुकानदाराने डिपॉझिट ठेवून घेतलं. ते पैसे त्याने घरातून दोन आठवड्यांपुरते म्हणून घेतले होते. ते भरून द्यायला त्याने फोटोचे पैसे दिले. फोटो त्याने कधी घेतलाच नाही. घरी सांगितलं, आपला नीट आला नाही.

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, आजही सुचत नाही. आम्ही बसलो खेळायला. अकराला सुरुवात केली. मधे मिसळ झाली. ४३ व्या स्टेजला तो मेला आणि काही न बोलता त्याने रिमोट माझ्याकडे सरकवला. पन्नासावी संपली तेव्हा संध्याकाळचे साडेपाच झाले होते, आणि संपवली त्याने. बक्षीस काय? तो बॉम्बरमॅन यंत्रमानव असतो, त्याचा माणूस होतो. काही सेकंदांत सगळं आटपतं. आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच." आणि दोघं हसत सुटलो.

निघताना मी कॅसेट त्याच्या हातात दिली. त्याने घेतली नाही. म्हणाला, "सगळ्यांसमोर दे."

म्हणून ही कॅसेट मी आज आणली आहे. सोबत वर्गाच्या फोटोची मोठी प्रत, फ्रेम करून. तू वर ये. सर, फोटो तुमच्या हातून दिलात तर बरं होईल. कॅसेट मात्र मी देतो.

शेवटचं सांगतो. तो २१ इंची टीव्ही आणि डबा मी टेम्पोत घालून आणलाय, आपल्या दहावीच्या वर्गात लावून ठेवलाय. जेवण झालं की या. नंबर लावायचा, मेल्यावर वाद घालायचा नाही, रिमोट पुढच्याला द्यायचा. कॅसेटमध्ये फुंकर मारायची नाही. आणि बंदूक बाईंसाठी राखून ठेवली आहे.