उठताना हात मांडीवर का जातो?

आपल्या बोलण्यात ‘वात’ हा शब्द फार मोठ्या पोटाचा आहे. गुडघा दुखला की वात, कंबर धरली की वात, बोटं आखडली की वात. आणि एखाद्या बाईला जमिनीवरून उठवेनासं झालं, तरी तोही वातच. घरची वडीलधारी माणसं ‘वात आला’ म्हणतात, शेजारीण निर्गुडीचा पाला शेकायला सांगते, आणि सहा महिने, कधी वर्षसुद्धा, त्या एका शब्दाच्या आडोशाला निघून जातं. या पोटात निरनिराळी पुष्कळ दुखणी दडलेली असतात. त्यांतल्या एका दुखण्याविषयी आज मला बोलायचं आहे. ते फारसं कोणाच्या ऐकण्यात नाही. पण वेळेवर ओळखलं तर माणूस पुन्हा शेतावर जातो, आणि उशीर झाला तर खाटेला खिळतो, असं ते आहे.

आधी या ‘वाता’त किती माणसं मावतात ते पाहू. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात भिगवण नावाचं गाव आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं घरोघर जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेतली ही पाहणी. प्रश्न विचारायला स्वयंसेवक तयार केले होते, आणि त्यांनी चार हजार ब्याण्णव प्रौढ माणसांची विचारपूस केली. शंभरातल्या अठरा माणसांना सांध्यांचं किंवा स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. ‘राबणाऱ्या माणसाला कसली आली सांधेदुखी’ असं आपण सहज म्हणून जातो. भिगवणनं ते खोटं ठरवलं. त्यातलं बरंचसं दुखणं झिजेचं आणि ओझ्याचं होतं. बोटांच्या सांध्यांना सूज आणून हात वाकडे करणारा जो खरा संधिवात, ज्याला आमवात म्हणण्याची रीत आहे, तो दोनशे माणसांत एखाद्याला होता. आपल्या नागपुरालाही सांधेदुखीची एक वेगळी ओळख आहे. १९६५ साली शहरात तापाची मोठी साथ आली होती, आणि तिचा शोध घेता घेता चिकुनगुनियाचा विषाणू हाती लागला. तो ताप उतरला तरी सांधे महिनोन् महिने धरून ठेवतो, हे पुढच्या साथींत ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको.

आता मूळ विषयाकडे येतो. दुखणं वेगळं आणि दुबळेपण वेगळं, हा भेद कृपा करून ध्यानात घ्या. गुडघा दुखतो म्हणून जिना चढवत नाही, ही एक गोष्ट. गुडघा मुळीच दुखत नाही, पण पाय उचलतच नाही, ही अगदी दुसरी गोष्ट. समजा, एक बाई आहे. दरसाल कापूस वेचायला जाते. यंदा ओटीतला कापूस गाठोड्यात टाकून ते डोक्यावर घ्यायला गेली, तर हात खांद्याच्या वर जाईना. अंबाडा घालताना हात मध्येच खाली येतो. बंडीवर चढताना कोणीतरी मागून आधार द्यावा लागतो. जमिनीवर जेवायला बसली की उठताना आधी हात जमिनीला टेकवते, मग मांड्यांवर, आणि आपल्याच अंगावर चढल्यासारखी उभी राहते. बोटांची पकड मात्र शाबूत असते. भाजी चिरते, सुईत दोरा ओवते. म्हणून घरच्यांना वाटतं, कामाचा कंटाळा करते आहे. खांदे आणि मांड्या यांचे मोठे स्नायू आधी जावेत आणि बोटं मागाहून, ही या रोगाची खूण आहे. खुर्चीवर बसणाऱ्या लोकांत ही खूण उशिरा दिसते. आपण जमिनीवर बसणारी माणसं, आपल्याला ती पहिल्या महिन्यातच दिसायला हवी. पण पाहतो कोण?

या रोगाला डॉक्टर मायोसायटिस म्हणतात, म्हणजे स्नायूंना आलेली सूज. सोबत अंगावर पुरळ असेल तर डर्मेटोमायोसायटिस. वरच्या पापण्यांवर जांभळट रंग येतो, बोटांच्या पेरांवर लालसर, खरबरीत चट्टे उठतात, छातीवर आणि मानेमागे ऊन लागून भाजल्यासारखं दिसतं. आमच्या विदर्भात उन्हाचं कारण सांगायला कोणाला काय अडचण? ‘उन्हानं काळवंडली’ म्हटलं की संपलं. पापणी जांभळी झाली आणि त्याच सुमाराला उठणंबसणं अवघड झालं, या दोन गोष्टींची सांगड घातली तर निदान अर्धं झालं म्हणून समजा.

हे होतं कसं? आपल्या रक्तात एक फौज आहे. बाहेरून जंतू आला की ती त्याला ओळखते आणि मारते. आपलं कोण आणि परकं कोण, हे ओळखण्यावर तिचा सगळा कारभार चालतो. काही माणसांत ही ओळख बिघडते आणि फौज आपल्याच स्नायूंवर चालून जाते. का बिघडते याचं पुरतं उत्तर मिळालेलं नाही. मात्र त्या फौजेनं आपल्याच पेशींविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं आता रक्तात मोजता येतात. कोणतं प्रतिद्रव्य आहे त्यावरून कोणाच्या फुप्फुसाला धोका आहे, कोणाच्या त्वचेला, याचा अंदाज डॉक्टर बांधू शकतात. अलीकडच्या वर्षांत झालेलं हे मोठं काम आहे. हा रोग लाखांत मोजक्याच माणसांना होतो, आणि बायकांना पुरुषांपेक्षा अधिक. पण तो नुसता हातापायांत थांबत नाही. घशाचे स्नायू गेले तर पाणी गिळताना ठसका लागतो, पाणी नाकातून परत येतं. फुप्फुसांत शिरला तर चार पावलांत धाप लागते. ही दोन लक्षणं दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. चाळिशीच्या पुढच्या माणसाला पुरळासह हा रोग झाला, तर शरीरात कुठे कर्करोग लपलेला नाही ना, हेही डॉक्टर तपासून घेतात. त्या तपासण्यांना भिऊन पळू नये.

एक फसगत सांगून ठेवतो, कारण ती वारंवार होते. स्नायू फुटू लागले की त्यांच्यातली द्रव्यं रक्तात उतरतात. एसजीओटी आणि एसजीपीटी अशी नावं आपण रक्ताच्या कागदावर वाचली असतील. ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. ती वाढलेली दिसली की ‘लिव्हर खराब आहे’ असा निकाल लागतो, काविळीचं पथ्य सुरू होतं, आणि बाई दिवसेंदिवस खालावत जाते. अशा वेळी सीपीके नावाची साधी रक्ततपासणी करून घ्यावी. ती जिल्ह्याच्या गावी सहज होते. तो आकडा निरोगी माणसात साधारण दोनशेच्या आत असतो; या रोगात हजारांत जाऊ शकतो. क्वचित तो वाढतही नाही, म्हणून आकडा चांगला आला तरी उठणं जमत नसेल तर पुढं जायलाच हवं.

शिक्षक मंडळींना आता दोन शब्द. हा रोग लहान मुलांनाही होतो, बहुधा सात-आठ वर्षांच्या सुमारास. प्रार्थनेनंतर सगळा वर्ग उठतो आणि एक मुलगी मागे राहते. पायऱ्या चढताना कठडा धरते. खेळाच्या तासाला ‘पाय भरले’ म्हणून बाजूला बसते. पूर्वी धावत होती, आता धावत नाही. आई शेतावर असते. मुलांना रोज उठताबसताना पाहणारं माणूस म्हणजे गुरुजी किंवा बाई. ‘पूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही’ हे वाक्य आईबापांना सांगणारे तुम्हीच पहिले असू शकता. तिला आळशी म्हणू नका, कवायतीची शिक्षा तर मुळीच नको. आणखी एक गोष्ट आहे, ती मुलग्यांची. तीन ते पाच वर्षांच्या वयापासून हळूहळू पडू लागणारा, पोटऱ्या फुगलेल्या दिसणारा मुलगा असेल, तर तो रोग निराळा, जन्मतः आलेला, डुशेन नावाचा. त्याच्यावरचे उपाय वेगळे आहेत; पण मांडीवर हात टेकून उठण्याची खूण दोघांतही दिसते, आणि दवाखान्यात दोघांनाही न्यायला हवं.

उपायांकडे वळतो. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवातानं जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिझोन टोचलं, आणि काही दिवसांत ती चालू लागली. (हे मेयो आपलं नागपूरचं मेयो नव्हे, नावापलीकडे त्यांचा संबंध नाही.) १९५० साली हेंच यांना या कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं. त्याच जातीची औषधं, स्टेरॉइड, मायोसायटिसवरही पहिला उपाय म्हणून दिली जातात, आणि ती जीव वाचवतात. पण याच औषधाचा आपल्याकडे सुळसुळाट झाला आहे तो दुसऱ्याच वाटेनं. बाजाराच्या दिवशी मिळणारी ‘वाताची पुडी’, चार दिवसांत आराम देणारी, भूक वाढवणारी, गाल वर आणणारी; तिच्यात पुष्कळदा हेच स्टेरॉइड कुटून घातलेलं असतं. ‘अंगाला तेज आलं’ म्हणून घर खूष होतं. पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि गंमत अशी की स्नायूही दुबळे होतात. पुडी एकाएकी बंद केली तर माणूस कोसळतो. म्हणून अशी पुडी महिनोन् महिने घेतली असेल तर स्वतः बंद करू नका. डॉक्टरांना सांगून हळूहळू उतरवा.

स्टेरॉइड कमी करता यावं म्हणून सोबत दुसरी औषधं देतात. त्यांत मेथोट्रेक्सेट फार वापरलं जातं. श्रोतेहो, इथं कान देऊन ऐका. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज एक गोळी घेण्याची आपल्याला सवय, त्यामुळे कोणी चुकून रोज घेतो. मग तोंड येतं, रक्तातल्या पेशी घटतात, आणि माणसं दगावलीसुद्धा आहेत. वार ठरवा, सोमवार म्हणा नाहीतर गुरुवार, आणि पाकिटावर तो वार लिहून ठेवा. दिवस गेलेल्या बाईनं ही गोळी घ्यायची नाही.

गेल्या काही वर्षांत या क्षेत्रात दोन गोष्टी घडल्या, त्या सांगण्यासारख्या आहेत. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून प्रतिद्रव्यं वेगळी काढून शिरेतून देण्याचा उपाय डॉक्टर पूर्वीपासून करत, पण तो खरंच उपयोगी आहे का याची कडक परीक्षा झाली नव्हती. डर्मेटोमायोसायटिसच्या पंच्याण्णव रुग्णांवर ती झाली, आणि २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तसंच दिसणारं खोटं औषध. कोणाला काय, हे रुग्णाला ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. सोळा आठवड्यांनी औषध घेतलेल्यांत शंभरी एकोणऐंशी सुधारले, खोट्या औषधावरचे शंभरी चव्वेचाळीस. हा चव्वेचाळीसचा आकडा मला फार बोलका वाटतो. खोटं औषध देऊनही इतक्यांना बरं वाटतं, तर बाजारातल्या पुडीवाल्याच्या दुकानी गर्दी का असते याचं उत्तर त्यातच आहे. हा उपाय मात्र महाग. एका खेपेचा खर्च लाखाच्या घरात जातो.

दुसरी गोष्ट जर्मनीतल्या एर्लांगेन गावची. तिथल्या डॉक्टरांनी रुग्णाच्याच रक्तातल्या लढाऊ पेशी बाहेर काढल्या, त्यांना प्रयोगशाळेत नवी शिकवण दिली आणि परत शरीरात सोडल्या. त्यांनी जाऊन प्रतिद्रव्यं तयार करणाऱ्या बिघडलेल्या पेशी नाहीशा केल्या. फौजेतल्या फितुरांचा बंदोबस्त फौजेकडूनच! २०२४ च्या आरंभी त्यांनी पंधरा रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांत तिघे मायोसायटिसचे होते. पंधराही जणांची जुनी औषधं बंद करता आली. पंधरा म्हणजे थोडेच, आणि वर्ष-दीड वर्ष म्हणजे फार काळ नव्हे. तेव्हा लगेच हुरळून जाण्याचं कारण नाही. पण याच जातीचा उपचार मुंबईत पवईच्या आयआयटीनं आणि टाटा रुग्णालयानं मिळून तयार केला आणि २०२३ साली त्याला मान्यता मिळाली, तीही परदेशातल्या किमतीच्या मानानं पुष्कळ स्वस्तात. ती मान्यता रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, स्नायूंच्या रोगासाठी नव्हे. तरी हे ज्ञान आपल्या घरात आलं आहे, एवढं खरं.

पूर्वी या रोग्याला अंथरुणात पडून राहायला सांगत. आता तसं सांगत नाहीत. सूज औषधानं आटोक्यात आली की बेताचा व्यायाम, आधी खाटेवर, मग उभ्यानं, हा उपचाराचाच भाग मानतात. त्यानं सूज वाढत नाही आणि ताकद येते, असं स्वीडनसारख्या देशांतल्या पाहणीत दिसून आलं आहे. किती करायचं ते मात्र डॉक्टरांना विचारून.

आणि नागपूरला मेडिकलला, मेयोला किंवा एम्सला रुग्ण आणाल तेव्हा सगळे जुने कागद बरोबर आणा. आधी घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं आणा. पुडी घेत असाल तर तीही खिशात घालून आणा, आणि डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. दुखतं असं सांगून थांबू नका. जमिनीवर बसून दाखवा, आणि उठून दाखवा.